हॅमस्टर आजारी आहे हे ओळखावे कसे, आणि पहिल्या काही तासांत करावे काय

बुंदी आमच्या घरी आली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या शेपटीजवळचे केस ओले दिसले. पाण्याची बाटली गळत असेल असे समजून मी बाटली बदलली, पिंजऱ्यातला भुसा बदलला आणि झोपायला गेले. सकाळी ती पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले होते, आणि डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत तिच्या अंगात बाटलीला तोंड लावण्याचेही त्राण उरले नव्हते. त्याच दुपारी ती गेली. ते केस पाण्याने नव्हे, जुलाबाने ओले झाले होते. त्यांना उग्र वासही येत होता. मी तो घेऊन पाहिला नव्हता एवढेच.

तेव्हापासून पाळलेल्या प्रत्येक हॅमस्टरने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली आहे: या प्राण्याच्या आजारात दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात. रानात साप, घुबड आणि कोल्हा ज्याच्या मागावर असतात, तो प्राणी आपला अशक्तपणा शेवटपर्यंत लपवतो. त्यामुळे आजार आपल्या नजरेला पडतो तेव्हा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो, आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या देहात तग धरण्यासाठी साठवलेले पाणी आणि चरबी फारच थोडी असते. नव्याने हॅमस्टर पाळणाऱ्यांसाठी हा लेख याच क्रमाने लिहिला आहे: आधी रोजची नजर, मग धोक्याची चिन्हे, आणि मग डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी घरी काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही.

आधी प्राणी कुठला आहे ते समजून घ्या

आपल्याकडे सर्वाधिक विकला जाणारा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर हा मूळचा सीरियातल्या अलेप्पो परिसराचा. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी तिथल्या एका शेतातले बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली, आणि आज जगभरच्या घरांत असलेले सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. ही माहिती इथे देण्याचे कारण असे की, कोरड्या प्रदेशात, जमिनीखालच्या गार बिळात आणि एकट्याने राहणारा हा प्राणी आहे. आपल्याकडची उष्णता, ओल आणि दुकानदाराने आग्रहाने दिलेली ‘जोडी’ हे तिन्ही त्याच्या स्वभावाविरुद्ध जाते, आणि पुढे सांगितलेल्या निम्म्या तक्रारी या तिन्हींतूनच उद्भवतात.

दुसरा गट ठेंगण्या म्हणजे ड्वार्फ हॅमस्टरांचा. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि सर्वांत लहान रोबोरोव्हस्की हे त्यातले प्रकार. सोनेरी हॅमस्टरचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम, कधी त्याहून थोडे जास्त. ड्वार्फचे ३० ते ५० ग्रॅम, आणि रोबोरोव्हस्कीचे अवघे २० ते २५ ग्रॅम. आयुष्य सरासरी दोन ते तीन वर्षांचे. म्हणजे दीड वर्षाचा हॅमस्टर हा उतारवयाकडे झुकलेला प्राणी असतो, हे ध्यानात ठेवावे.

निरोगी हॅमस्टरमधील घाबरवणाऱ्या गोष्टी

नवखा माणूस आजार ओळखण्यात जितका चुकतो, तितकाच आजार नसताना घाबरण्यातही चुकतो, म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर, किंचित खडबडीत असा एकेक ठिपका असतो. त्या वासाच्या ग्रंथी आहेत. गोचीड समजून त्या चिमट्याने ओढणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये. ड्वार्फ हॅमस्टरला अशीच ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते. प्रौढ नराचे अंडकोष शरीराच्या मानाने फार मोठे असतात आणि उकाड्यात तर अधिकच खाली लोंबतात. ती गाठ नव्हे. पुढचे दात पिवळे-नारिंगी असणे हेच निरोगी असल्याचे चिन्ह आहे, आणि खालचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात तेही स्वाभाविकच. वयात आलेल्या मादीला दर चार दिवसांनी दाट, पांढरट, वासाचा स्राव होतो, तो पू नव्हे. आपलीच लेंडी तोंडात घेऊन खाणे हाही पचनाचा नेहमीचा भाग आहे. दिवसभर झोपून रात्री जागणे हा तर त्याचा दिनक्रमच आहे, तेव्हा दुपारी बारा वाजता तो मलूल दिसला म्हणून लगेच काळजी करू नये.

वजनकाटा आणि वही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करावी. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा घ्यावा. त्यावर उंच कडांचा स्टीलचा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, डब्यात भोपळ्याची एक बी टाकावी आणि हॅमस्टरला आत सोडावे. बी तोंडात घेऊन तो क्षणभर स्थिर बसतो, तेवढ्यात आकडा वाचून घ्यावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी तो जागा झाल्यावर वजन करावे आणि वहीत लिहावे. प्रौढ हॅमस्टरचे वजन दहा टक्क्यांनी उतरले, तर तो वरून कितीही ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांना दाखवावा.

आमचा तिळू असाच वाचला. तो चाकावर धावत होता, हातावर येत होता, ताटलीतले दाणे गालात भरून घरट्यात नेतही होता. पण वहीत दोन आठवड्यांत १४२चे १२८ ग्रॅम झालेले दिसले. घरटे उचकून पाहिले तेव्हा नेलेले सगळे दाणे तिथे जसेच्या तसे पडलेले होते. त्याच्या वरच्या दोन दातांपैकी एक तुटला होता, समोरचा खालचा दात झिजायला काही न उरल्याने वाढून टाळ्याला टोचत होता, आणि त्यामुळे दाणे उचलता येत असले तरी फोडता येत नव्हते. ताटली रिकामी होते म्हणजे प्राणी जेवतो आहे असे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

वजनाखेरीज रोज संध्याकाळी दोन मिनिटांत चार ठिकाणे पाहावीत: डोळे उघडे आणि चमकदार आहेत का, शेपटीखालचा भाग कोरडा आहे का, लेंड्या कडक आणि गडद आहेत का, आणि बाटलीतले पाणी रोजच्याइतकेच उतरले आहे का. सोनेरी हॅमस्टर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १० मिलिलिटर पाणी पितो. बाटलीवर मार्करने रेघ मारली की मोजावे लागत नाही. नळीच्या टोकाची गोळी अडकून पाणीच येत नाही, असेही पुष्कळदा होते; ती रोज बोटाने दाबून पाहावी.

वेट टेल: याला उद्याची सवड नाही

बुंदीला झालेल्या आजाराला पशुवैद्य आणि पाळणारे दोघेही ‘वेट टेल’ म्हणतात. खरा वेट टेल हा तीन ते आठ-दहा आठवड्यांच्या सोनेरी पिल्लांना होतो. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस नावाचा जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरतो, तिथले अस्तर सुजून जाड होते आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. आईपासून नुकतेच तोडलेले, गर्दीच्या पिंजऱ्यात ठेवलेले, प्रवास करून नव्या घरी आलेले पिल्लू त्याला सहज बळी पडते, आणि उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत दगावते. म्हणूनच घरी आणल्यापासूनचा पहिला आठवडा सर्वांत जोखमीचा असतो. त्या काळात पिल्लाला हाताळू नये, दुकानात मिळत होते तेच खाणे द्यावे आणि ओल्या भाज्या टाळाव्यात.

चिन्हे अशी: शेपटी आणि मागचा भाग ओला, चिकट, घाण वासाचा; पाठीला पोक; विस्कटलेले, निस्तेज केस; अन्न तसेच पडलेले; हात लावल्यास चिडून चावणे किंवा अजिबात प्रतिसाद न देणे. शंका आली की पांढरा कागदी रुमाल शेपटीखाली हलकेच टेकवून पाहावा. पाणी असेल तर डागाला रंग आणि वास नसतो.

डॉक्टरांकडे निघण्याआधी आणि वाटेत करायचे ते एवढेच. घरात दुसरा हॅमस्टर असेल तर त्याला वेगळ्या खोलीत हलवावे आणि दोघांना हाताळताना मध्ये साबणाने हात धुवावेत. कोमट पाणी भरलेली बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे ऊब हवी असेल तर तो जवळ येईल आणि नको असेल तर दूर जाईल. औषधांच्या दुकानात मिळणारी, कुठलाही स्वाद नसलेली ओआरएसची पूड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळावी आणि सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने एकेक थेंब ओठांच्या कडेला लावावा. तो स्वतः चाटत असेल तरच द्यावे. निपचित पडलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ढकलले तर ते श्वासनलिकेत जाते आणि जुलाबांच्या आधी तेच जीव घेते. डॉक्टर त्वचेखाली सलाइन देतात आणि हॅमस्टरला चालणारे प्रतिजैविक निवडतात. तो भाग घरी होण्यासारखा नाही.

मोठ्या हॅमस्टरला लागलेला प्रत्येक जुलाब वेट टेल नसतो. काकडी, कलिंगड, कोबी असे पाणीदार खाणे एकदम जास्त झाले तरी लेंड्या मऊ पडतात. प्राणी चपळ असेल, खात असेल आणि शेपटी कोरडी असेल, तर भाज्या बंद करून फक्त कोरडे खाणे व पाणी द्यावे आणि त्याच दिवसात फरक पडतो का ते पाहावे. शेपटी ओली झाली किंवा त्याने खाणे टाकले की थांबू नये.

घरातल्या औषधांचा डबा बंद ठेवा

आपल्या बहुतेक घरांत अर्ध्यावर राहिलेली अमॉक्सिसिलिनची पट्टी असते, आणि ‘लहान मुलांना देतात, मग याला चिमूटभर द्यायला काय हरकत’ असा विचार मनात येतो. हॅमस्टरच्या बाबतीत तो विचार जीवघेणा आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधे त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून टाकतात, त्या मोकळ्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत प्राणी मरतो. म्हणजे जखमेवर दिलेल्या औषधानेच मृत्यू येतो. कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारे पिसवा-गोचिडांचे फवारेही परस्पर मारू नयेत. डॉक्टरांनी एखादे औषध लिहून दिले, तरी ‘हे हॅमस्टरला चालते ना, आणि मात्रा ग्रॅमच्या वजनावर काढली आहे ना’ असे अदबीने विचारण्यात काहीही गैर नाही. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

उन्हाळा

परदेशी पुस्तकांत हॅमस्टरला थंडीपासून जपा असे पानोपान लिहिलेले असते. आपल्याकडे मार्च ते जून हा खरा काळ आहे. हॅमस्टरला २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात घराच्या आतही त्याहून कितीतरी जास्त तापते. मुंबई-रत्नागिरीकडे आकडा कमी दिसला तरी दमट हवेमुळे धोका तेवढाच राहतो. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे पंख्याचा वारा आपल्याला गार लागतो तसा त्याला लागत नाही. पंखा फक्त खोलीतली तीच गरम हवा फिरवत राहतो.

उष्माघातात तो बिळाबाहेर येऊन पोट जमिनीला टेकवून आडवा पसरतो, भराभर श्वास घेतो, हनुवटी लाळेने ओली होते, चालताना लटपटतो आणि अखेरीस निपचित पडतो. अशा वेळी त्याला ताबडतोब घरातल्या सर्वांत गार खोलीत न्यावे, साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके पायांना आणि कानांना लावावे, शुद्धीवर असेल तर पाणी चाटू द्यावे, आणि थोडा सावरला तरी डॉक्टरांकडे न्यावे. बर्फाचे पाणी वापरू नये आणि त्याला पाण्यात बुडवू नये. अचानक थंडाव्याचा धक्का त्याला सोसत नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून पिंजरा गॅलरीत, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये. पाण्याची बाटली बर्फ होईपर्यंत गोठवून, पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवावी. फरशीचा एक तुकडा फ्रीजमध्ये गार करून आत ठेवला की तो आपणहून त्यावर येऊन बसतो. मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे कुंभाराकडचे लहान, न रंगवलेले मातीचे मडके: ते आडवे ठेवून आत थोडा कोरडा भुसा घालावा आणि बाहेरची बाजू दुपारी ओल्या हाताने पुसून घ्यावी. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते माठासारखे गार राहते. कोकणातल्या दमट हवेत मात्र त्याचा तितका उपयोग होत नाही. तिथे गोठवलेली बाटलीच बरी.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे क्वचित येतो, पण निफाड किंवा महाबळेश्वर भागात डिसेंबर-जानेवारीत येऊ शकतो. तापमान फार उतरले, त्यात खाणे कमी पडले, तर हॅमस्टर सुप्तावस्थेत जातो. अंग गार लागते, श्वास इतका संथ होतो की तो मेला असेच वाटते. मिशा किंचित हलतात का हे एक-दोन मिनिटे निरखून पाहावे, तळहातात धरून किंवा टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट बाटलीजवळ ठेवून हळूहळू ऊब द्यावी, आणि तासभर तरी घाईने कसलाही निष्कर्ष काढू नये.

तोंड, दात आणि गालातली पिशवी

समोरचे चार दात आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासून झिजतात. पिंजऱ्याचे गज सतत चावल्याने किंवा पडल्याने दात तुटला की तिळूसारखी गत होते. हनुवटीवर लाळ, दाणे उचलून टाकून देणे आणि घटते वजन ही खूण. नखे कापायच्या कात्रीने दात कापायचा प्रयत्न घरी करू नये. दात उभा चिरला तर मुळापर्यंत संसर्ग जातो. डॉक्टर गरज पडल्यास भूल देऊन बारीक यंत्राने तो घासतात, आणि काही प्राण्यांना हे दर काही आठवड्यांनी करावे लागते. चावायला कडुनिंबाची किंवा पेरूची, फवारणी न झालेली, धुऊन उन्हात वाळवलेली काडी ठेवावी.

गालातली पिशवी खांद्यापर्यंत पोहोचते. एकाच बाजूचा गाल दिवसभर फुगलेला राहिला, तो पंजाने सारखा गाल ढकलत असेल किंवा तोंडाला वास येत असेल, तर आत काहीतरी अडकून कुजते आहे किंवा गळू झाले आहे. चिक्की, गूळ, टॉफी आणि मऊ बिछाना म्हणून विकला जाणारा कापूस ही त्याची नेहमीची कारणे. हा कापूस तर घरात आणूच नये. त्याचे धागे आतड्यात अडकतात आणि पायाला गुंडाळून बोटेही तोडतात. बिनवासाचा, बिनछापील टिश्यू फाडून दिला तर घरटे तितकेच मऊ होते. कधी पिशवी उलटून गुलाबी, ओल्या मांसाच्या गोळ्यासारखी तोंडाबाहेर येते. ती सलाइनने ओली ठेवावी, आत ढकलू नये आणि तासा-दोन तासांत डॉक्टर गाठावेत.

त्वचा, श्वास, डोळे, पाय

म्हाताऱ्या हॅमस्टरच्या पाठीवरचे आणि कमरेवरचे केस विरळ होऊन त्वचा कोरडी, खवल्यांची दिसू लागली, तर बहुधा डेमोडेक्स हे सूक्ष्म परजीवी वाढलेले असतात. ते थोड्या संख्येने निरोगी प्राण्यावरही असतात; प्रतिकारशक्ती घटली की माजतात, म्हणून डॉक्टर त्यामागचा दुसरा आजारही शोधतात. कान, नाक आणि पंजांवर खपल्या धरल्या तर ती खरूज असू शकते. गोल, केस गेलेला चट्टा हा नायटा असेल तर तो माणसालाही लागतो. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ कधीही घालू नये. अंगावरचे तेल जाते आणि त्याला हुडहुडी भरते. धूळ न उडणारी स्वच्छ, वाळवलेली वाळू एका वाडग्यात ठेवली की तो स्वतःच लोळून साफ होतो.

शिंका, नाकातून स्राव आणि श्वास घेताना टकटक किंवा घरघर असा आवाज हे फुप्फुसापर्यंत गेलेल्या संसर्गाचे लक्षण आहे. प्राणी कानाजवळ धरला की तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. हॅमस्टरला माणसाचा फ्लू होऊ शकतो, आणि करोनाची बाधाही होते. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमध्ये एका दुकानातील हॅमस्टरांत तो आढळल्यावर सुमारे दोन हजार लहान प्राणी मारण्यात आले होते. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर दुसऱ्याने पिंजरा पाहावा. देवघरातील उदबत्ती-धूप, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवदार-पाइनचा सुगंधी भुसा हे सर्व त्याच्यापासून दूर असावे. पावसाळ्यात ओला राहिलेला भुसा कुजून अमोनियाचा वास सुटतो, तोही श्वासाला तितकाच घातक. त्या महिन्यांत मी लघवीचा कोपरा रोज काढते.

म्हाताऱ्या हॅमस्टरचा डोळा सकाळी चिकटून बसणे नेहमीचे आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवला की तो सुटतो. पू, सूज किंवा दिवसभरात न उघडणारा डोळा मात्र दाखवावा. मानेची कातडी फार घट्ट धरल्याने डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो, म्हणून लहान मुलांना हॅमस्टर तसा उचलू देऊ नये. डोळा तसा बाहेर आलाच, तर तो सलाइनने ओला ठेवून लगेच निघावे.

पाय मोडण्याचे मुख्य कारण म्हणजे तारांच्या कांड्यांचे चाक. सोनेरी हॅमस्टरला अखंड पृष्ठभागाचे, निदान २८ सेंटिमीटर व्यासाचे चाक लागते. पाय ओढत असेल तर त्याला चाक-शिडी नसलेल्या लहान पेटीत ठेवावे, पाणी-खाणे जवळ आणावे आणि घरी काडी बांधू नये. तो ती चावून काढतो आणि पायही चावतो.

ड्वार्फचा मधुमेह, जोडीची भांडणे, मादीचे गर्भाशय

कॅम्पबेल आणि त्यांच्या संकरातल्या हॅमस्टरांत मधुमेह आढळतो. पाणी दुप्पट उतरू लागते, बिछाना लवकर भिजतो, आणि आपल्याकडच्या घरांत कधी लघवीच्या कोपऱ्याला मुंग्या लागलेल्या दिसतात. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवीतील साखर तपासण्याची पट्टी ताज्या थेंबाला लावून पाहावी आणि रंग बदलला तर डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत फळे, गाजर, मका बंद. पाणी मात्र कधीही कमी करू नये.

‘एकटा कंटाळेल, जोडी न्या’ असे सांगून दोन सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात देतात. आठ-दहा आठवड्यांचे झाले की ते एकमेकांना फाडतात. चावा बाहेरून टाचणीएवढा दिसतो आणि आत गळू धरते. चार दिवसांनी केसांखाली टणक, गरम गाठ लागते. ती स्वतः फोडू नये. आणि जोडी नर-मादीची असेल, तर सोळा दिवसांत पिल्ले होतात.

मादीला रक्तस्राव झाला तर ती पाळी नव्हे. हॅमस्टरला पाळी येत नाही. रक्त किंवा दुर्गंधी पू, सोबत फुगलेले पोट, म्हणजे गर्भाशयात पू झाला असावा, आणि त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना

आजारपण येण्याआधीच डॉक्टर शोधून ठेवावेत. पुष्कळ पशुवैद्य गाई-म्हशी किंवा कुत्री-मांजरे पाहतात. ‘तुम्ही हॅमस्टर तपासता का, आणि रात्री गरज पडली तर कुणाकडे जाऊ’ हे दोन प्रश्न फोनवर विचारून नंबर पिंजऱ्यावर चिकटवावा. नेताना झाकण असलेला, हवेची भोके असलेला लहान डबा घ्यावा, त्यात त्याच्याच घरट्यातला बिछाना घालावा, बाटली सांडते म्हणून काकडीचा तुकडा ठेवावा (जुलाब असतील तर तोही नको). वजनाची वही, ताज्या लेंड्यांची डबी आणि श्वासाच्या आवाजाचा किंवा चालण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा, कारण तपासणीच्या टेबलावर हॅमस्टर घाबरून सगळी लक्षणे लपवतो.

घरच्यांच्या प्रकृतीचेही भान असावे. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत आणि पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासू नयेत. एलसीएम नावाचा विषाणू घरातल्या उंदरांकडून हॅमस्टरला आणि त्याच्याकडून गर्भवतीला लागू शकतो, तेव्हा त्या काळात पिंजऱ्याची सफाई दुसऱ्या कुणी करावी. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो पसरतो, आणि हॅमस्टर त्याला इतका नाजूक आहे की प्रयोगशाळेत या रोगाच्या अभ्यासासाठी तोच वापरतात. पिंजरा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा आणि सांडलेले दाणे रात्री उचलावेत.

दीड वर्षांनंतर गाठी, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे विकार येऊ लागतात. बाटलीची नळी खाली आणावी, मजले काढून टाकावेत, दाण्यांच्या गोळ्या पाण्यात मऊ करून द्याव्यात, आणि वजन आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी पाहावे. तो खात नाही, उठत नाही आणि वेदना आवरत नाहीत अशी अवस्था आली, तर डॉक्टरांशी सुखाने सोडवण्याबद्दल बोलावे. ईथर, थंडी किंवा पाणी असले घरगुती मार्ग यातनादायी असतात.

प्राणी जुलाबाने गेला असेल तर त्याच्या पिंजऱ्यातले लाकडी घर, काड्या, बिछाना आणि उरलेले खाणे पिशवीत बांधून टाकून द्यावे. प्लास्टिक, काच आणि चाक आधी साबणाने घासावे, मग ब्लीचच्या सौम्य द्रावणात दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे आणि वास जाईपर्यंत दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. बुंदीचा पिंजरा मी असाच धुऊन दीड महिना रिकामा ठेवला, आणि तिळू आला तेव्हा पहिल्या रात्री कागदी रुमाल घेऊन दर तीन तासांनी उठले.